मोरावळ्याचा गुन्हा

सरकारनं भांगेला माणसांत घेतलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी दोऱ्यासाठी आणि कापडासाठी परवाने दिले, मग बियांच्या चटणीला, मग तेलाला. प्रत्येक परवान्यामागे एक नियम आला, प्रत्येक नियमामागे एक पळवाट आली आणि प्रत्येक पळवाटेमागे मी. माझं पद विभागीय तपासनीस, भांगजन्य पदार्थ. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि हे सांगितलं की लोक हसतात. पूर्वी मीही हसायचे. आता त्याचाही कंटाळा येतो.

झाड एकच, पण त्यात मुख्य द्रव्यं दोन. एक सीबीडी. ते दुखणं शमवतं, आकडी थांबवतं आणि डोकं जाग्यावर ठेवतं. दुसरं टीएचसी. नशा चढते ती त्याची. गंमत अशी की दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच असतात. फरक फक्त घडीचा. सीबीडीत रेणूचं एक कडं उघडं असतं, टीएचसीत ते मिटलेलं असतं. कापड तेच, खांद्यावर टाकलं की उपरणं आणि डोक्याला गुंडाळलं की फेटा. उघडं कडं मिटवायला आम्ल लागतं, ऊब लागते, आणि सोबतीला एखाद्या धातूचा क्षार असला तर काम फारच सोपं होतं.

ही सोपी गोष्ट सगळ्यात आधी गोळ्या-चॉकलेटं करणाऱ्यांना कळली. सरकारी दुकानातून बिननशेचं तेल कायदेशीर विकत घ्यायचं, मागच्या खोलीत त्याची घडी बदलायची आणि कॉलेजच्या रस्त्यावर लिंबाच्या गोळ्या म्हणून विकायचं. दोन पोरं त्यात गेली. मग विधानसभा खवळली आणि कायद्यात एक कलम आलं. हे रूपांतर कुणीही, कुठेही, कशाही रीतीनं घडवलं तर ते उत्पादन समजलं जाईल. हेतू विचारला जाणार नाही. जामीन नाही. कलम लिहिणाऱ्यांना वाटलं, आता एकही पळवाट राहिली नाही. ते खरंच होतं. निर्दोष माणसाला निसटायलाही वाट राहिली नव्हती.

त्याच सुमारास सगळ्या एसट्यांच्या स्टिअरिंगवर घामपट्टी बसली. ड्रायव्हरनं चाकावर हात ठेवला की तळव्याच्या घामातून ती टीएचसी ओळखते. मर्यादेच्या आत असेल तर गाडी चालू होते, नसेल तर इंजिन बंद राहतं आणि माझ्या कार्यालयात निरोप येतो. सीबीडीबद्दल तिची तक्रार नसते, डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते तेल ड्रायव्हरलाही चालतं. ड्रायव्हर तिला 'सासू' म्हणत. रोज सकाळी हात हुंगते आणि कधी चुकत नाही, म्हणून.

भानुदास कुंजीर यांच्या गाडीचा निरोप आला तो भर सकाळच्या वेळी. सासवडहून घाट उतरून पुण्याला जाणारी गाडी, आत शिकणारी पोरं, नोकरदार, फुलांच्या पाट्या घेतलेल्या बायका. कुंजीरांनी चाकावर हात ठेवला आणि गाडी चालू झाली नाही. त्यांनी हात पुसला, पुन्हा ठेवला. कंडक्टरनं पाण्याची बाटली दिली, त्यांनी हात धुऊन पुन्हा ठेवला. तोवर पट्टीवरचा लाल दिवा सगळ्या गाडीला दिसला होता. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की ड्रायव्हर झिंगलाय. मग माणसं एकेक करून उतरली. उतरताना प्रत्येकानं केबिनकडे पाहिलं, असं कुंजीरांनी मला नंतर सांगितलं. रागानं पाहिलं असतं तर चाललं असतं, म्हणाले, पण निम्मी माणसं रोजची होती आणि त्यांनी लाजून पाहिलं.

मी डेपोत पोचले तेव्हा ते बाकड्यावर पाठ ताठ धरून बसले होते. पाठ ताठ होती ती मानानं नव्हे, मणक्यानं. आयुष्यभर घाट चढउतार करून त्यांचे खालचे मणके झिजले होते. रक्त घेतलं. त्यातही तेच निघालं, थोडं पण नक्की. असं थोडं थोडं अंगातल्या चरबीत साठत जातं, डोक्याला पत्ता लागत नाही आणि एक दिवस मर्यादा ओलांडतं. डेपो मॅनेजर मला बाजूला घेऊन पुन्हा पुन्हा सांगत होते की हा माणूस सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. असं मला प्रत्येक वेळी सांगितलं जातं. मी मान डोलावली आणि कुंजीरांना विचारलं, काय काय खाता? भाकरी, आमटी, आणि दुखणं वाढलं की डॉक्टरनं दिलेलं ते, असं ते म्हणाले. 'भांगेचं तेल' हे शब्द त्यांच्या तोंडून बाहेर येईनात. मी त्यांच्या घरी जायचं ठरवलं.

शालनबाईंनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि मी कोण ते ऐकल्यावरही चेहरा पाडला नाही. त्यांना खात्रीच होती. यंत्रच बिघडलं असणार. तेलाची गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. डॉक्टरनं लिहून दिलं तेव्हा नवरा म्हणाला होता, मेलो तरी भांग तोंडात घालणार नाही. तेल कडू जहर, वर त्याचं नाव असलं. मग त्यांनीच उपाय काढला. आवळे टोचून, पाकात मुरवून मोरावळा करायचा आणि पाक गरम असताना त्यात बाटली ओतायची. मग बरणी आठवडेच्या आठवडे पत्र्यावर उन्हात ठेवायची. रोज सकाळी वाटीत दोन आवळे. त्या काय घातलंय ते सांगायच्या नाहीत आणि तो विचारायचा नाही. त्याची पाठ थांबली, रात्रीची झोप आली.

"आन् औषध कधी स्टीलात शिजवूने," त्या म्हणाल्या, "गुण जातो. माझ्या आईचं पितळी पातेलं हाय, त्यातच करती."

पितळेत आंबट शिजवलं की ते कळकतं, हे कुणीही बाई जाणते, म्हणून मी कल्हईचं विचारलं. ती तर केलीच आहे, त्या म्हणाल्या. कल्हईवाले आता फिरत नाहीत, पण बाजारात भांड्यांच्या एका दुकानात यंत्रानं करून देतात. त्यांनी पातेलं आणून दाखवलं. आत चांदीसारखं चकचकीत होतं, पण तळाशी चमक उडाली होती आणि पांढरट डाग पडले होते. कथील असं डागाळत नाही. काय झालं असेल ते मला तिथेच कळलं होतं. मी तळाचा थोडा खरवडा आणि मोरावळ्याचा एक आवळा घेतला. शालनबाई म्हणाल्या, एकच का, डबाभर न्या, तुमचीही कंबर धरलेली दिसते.

प्रयोगशाळेत मला फार वेळ लागला नाही. मुलामा कथलाचा नव्हता, स्वस्त जस्ताचा होता. आवळ्याच्या आम्लानं जस्त सोडवलं, त्याचा क्षार पाकात उतरला, आणि उन्हात तापत राहिलेल्या त्या बरणीत आठवडेच्या आठवडे एकेक कडं मिटत गेलं. गोळ्या करणारे जे चोरून करतात ते शालनबाईंनी पत्र्यावर, सगळ्या गल्लीच्या देखत केलं होतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, म्हणून मी एरवी हसले असते. पण कायद्याच्या भाषेत ते उत्पादन होतं, आणि उत्पादकाचं नाव शालन भानुदास कुंजीर होतं.

कार्यालयात सांगितलं असतं तर ते बोलणं नोंदवावं लागलं असतं, म्हणून मी कुंजीरांना बसस्टँडच्या कँटीनमध्ये बोलावलं. सगळं समजावून सांगितलं, उपरण्या-फेट्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. आपण नशा केली नव्हती हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला, आणि पुढचं ऐकताना तो हळूहळू गेला.

"म्हंजी तिला धरणार," ते म्हणाले.

मी हो म्हणाले. कोर्टात त्या सुटतील, असंही म्हणाले. कुठल्याही न्यायाधीशाला दिसेल की बाईनं नवऱ्याच्या पाठीसाठी मोरावळा घातला.

"सुटंल वो. पर सुटस्तवर?"

त्या कलमाखाली आत गेलेल्यांची तारीख लागेपर्यंत किती दिवाळ्या जातात हे मी पाहिलं होतं. त्यांनी चहाची बशी फिरवत विचारलं, आपणच भांग खाल्ली असं सांगितलं तर काय होईल? मी सांगितलं. तो सेवनाचा गुन्हा, तुरुंग नाही. पण ड्रायव्हरचा परवाना कायमचा जाईल, नोकरी संपेल, व्यसनमुक्तीच्या वर्गाला बसावं लागेल. आणि सेवनाच्या यादीतल्या माणसाला सरकारी दुकानातून पुन्हा ते तेल मिळत नाही, पाठ कितीही दुखली तरी.

"मग म्या खाल्ली," कुंजीर म्हणाले.

मी वाद घातला. खरं तर वाद घालायची ताकद माझ्यात राहिली नव्हती, पण या माणसासाठी घातला. निदान शालनबाईंना तरी खरं सांगा म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"तिला कळलं तर ती सोता चौकीत जाऊन बसंल. म्हणंल, माझ्या मालकाला सोडा, म्या केलंय. तसलीच हाय ती."

अशी बायको असलेला माणूस तिला वाचवायला दुसरं काय करणार, ते मला सुचेना. शेवटी मी एवढंच सांगितलं की ते पातेलं आणि ती बरणी घरात राहता कामा नये. प्रयोगशाळेत परत येऊन मी तो कुस्करलेला आवळा आणि तो खरवडा मोरीत टाकून पाणी सोडलं. नोकरीत असं मी कधी केलं नव्हतं. वाईट वाटलं ते याचं, की इतकं साधं काम करायला मला चोरासारखं मागे वळून बघावं लागलं.

कुंजीरांनी जबाब दिला. भांग कुठून आणली या प्रश्नावर, घाटात भेटलेल्या अनोळखी माणसाकडून, एवढंच म्हणाले. डेपोतले लोक आधी हळहळले, मग हळूहळू प्रत्येकाला आठवायला लागलं की कुंजीरांचे डोळे अधूनमधून लालच दिसायचे. निरोपाचा नारळ मिळाला नाही. हडपसरला दिलेली लेक नातवाला सुट्टीत पाठवेनाशी झाली. जावयाला आवडत नाही, म्हणाली.

काही दिवसांनी शालनबाई माझ्या कार्यालयात आल्या. मला वाटलं, कळलं की काय. पण त्या आल्या होत्या नवऱ्याला आत ठेवून घेणारं एखादं व्यसनमुक्ती केंद्र आहे का ते विचारायला. आठवड्याच्या वर्गानं काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरात शिरल्या शिरल्या त्यानं मोरावळ्याची बरणी फोडली. दुसऱ्या दिवशी पातेलं नेऊन मोडीत घातलं. त्यांच्या आईनं रुखवतात दिलेलं पातेलं.

"दारू पिणारा भांडी इकतो हे ऐकलं हुतं," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात बघायला मिळंल असं वाटलं न्हवतं. आख्खा जन्म त्या माणसाच्या जिवावर मान वर करून चालले, मॅडम."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांना केंद्रांची नावं सांगितली, कारण नाही सांगितली असती तर त्यांना शंका आली असती. त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ कुणाचा फोन घेतला नाही.

कुंजीर केंद्रात राहून आले. तिथल्या समुपदेशकानं माझ्याकडे तक्रार केली की हा मनुष्य मोकळा होत नाही. बाकीचे गांजेकस आपापल्या कहाण्या सांगतात, हा म्हणतो, खाल्ली, चुकलं, आणि खाली बसतो. पाठीला त्रास असल्यानं खाली बसायलाही वेळ घेतो, म्हणून बाकीचे त्याला हसतात.

मी माझ्यापुरतं काम सुरू केलं. नावगाव न देता एक टिपण वर पाठवलं, की घरच्या स्वयंपाकात नकळत असं रूपांतर होऊ शकतं. जस्त, आंबट, ऊन, सगळं प्रयोग करून दाखवलं. वरून विचारणा झाली की असं प्रत्यक्षात कुठे घडलं आहे काय. मी लिहिलं, घडू शकतं. पुन्हा विचारणा झाली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, ते म्हणणाऱ्याचं काम बहुधा किरकोळ असावं. मंत्री बदलले, सचिव बदलले, समिती नेमली, समितीचे अध्यक्ष वारले. मी दर अधिवेशनाआधी तेच टिपण पुन्हा पाठवत राहिले. आशा होती म्हणून नाही. थांबले असते तर त्या कँटीनमधला चहा पुन्हा घशाखाली उतरला नसता.

आणि एका हिवाळी अधिवेशनात, इतर वीस गोष्टींच्या गर्दीत, दुरुस्ती मंजूर झाली. घरच्या वापरासाठी, विक्रीचा हेतू नसताना, अन्न शिजवताना झालेलं रूपांतर हा गुन्हा नाही. जुन्या प्रकरणांनाही हे लागू. कुणाला बातमीसुद्धा वाटली नाही. मी रजा टाकली आणि थेट कुंजीरांच्या घरी गेले.

ते दारातल्या कट्ट्यावर बसले होते, उन्हाकडे पाठ करून. माणूस कमरेत वाकला होता. शालनबाई आत होत्या. मी हळू आवाजात सांगितलं, आता बोलायला हरकत नाही. शालनबाईंना काही होणार नाही. मी अर्ज करते, तुमचं नाव यादीतून निघेल, तेल मिळेल, मान परत मिळेल.

कुंजीरांनी विचारलं, नाव काढायचं तर कारण लिहावं लागेल ना? आणि ते कारण घरी कळेल ना? मी म्हणाले, कळणारच. कळावं यासाठीच तर आले.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," ते म्हणाले. "माझ्यावरचा राग तिनं पेललाय. सवय झालीया तिला. हे कळलं तर तिला सोतावर रागवाय लागंल. ते तिला न्हाई पेलायचं."

मी म्हणाले, ही शिक्षा तुम्ही का भोगायची? ते म्हणाले, शिक्षा कसली, दोन्ही वेळा करून घालते, आंघोळीला पाणी तापवून देते, पाठीला खोबरेल चोळते, बोलते तेवढं बोलते. मला त्यांचा राग आला. माझी इतकी वर्षांची खटपट त्यांनी दोन वाक्यांत परत केली होती, आणि ती परत करण्याचा अधिकारही त्यांचाच होता.

तेवढ्यात शालनबाई चहा घेऊन बाहेर आल्या. मला ओळखलं. अजून तपासायला येता का म्हणाल्या, बरं करता, भरवसा धरू नका. मी सांगितलं की तसं काही नाही, सहज आले, आणि कुंजीरांचं व्यसन आता पूर्ण सुटलं आहे. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आनंद होता, पण तो त्यांनी लगेच पदरानं पुसल्यासारखा पुसला. मग माझ्याजवळ बसून आवाज खाली आणला.

"एक सांगा, मॅडम. तुमाला ठावं असंल. ह्यांना ती कुनी दिली? घाटातला मानूस म्हनत्यात, म्या इस्वास ठिवत न्हाई. रोजच्या उठबशीतलंच कुनीतरी आसनार. सांजच्याला दिवा लावला की म्या रोज म्हनती, ज्यानं माझ्या मालकाच्या तोंडात ते घातलं, त्याचं कधी बरं हुयाचं न्हाई."

माझ्या जिभेवर शब्द आले होते. मी कुंजीरांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बायकोच्या सगळ्या बोलण्याची त्यांना सवय झाली होती, पण दिव्यापुढचं हे त्यांना ठाऊक नसावं. कट्ट्याला हात टेकून, दुखत असताना ते सबंध तिच्याकडे वळले.

"असं म्हनू नगंस, शालन," ते म्हणाले. "दिव्याम्होरं तर अजिबात न्हाई. ज्यानं दिलं त्याला माझं दुखनं बघवलं न्हाई, म्हनून दिलं. वंगाळ मनात न्हवतं त्याच्या. त्याचं बरंच व्हावं म्हन."

शालनबाईंनी माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

"बघा," त्या म्हणाल्या. "अजून त्याचीच बाजू घेत्यात."

कुंजीरांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी आधी तिच्यापुढे केली.